सायकलच्या चाकाचं बेअरिंग घरी उघडणं, ग्रीस भरणं आणि कोन नीट लावणं

चाकधर

हबचं (चाकाचा मधला भाग, ज्यातून एक्सलचा दांडा जातो) काम घरी करायचं म्हटलं की सगळे आधी विचारतात, ग्रीस कुठलं घ्यायचं? ग्रीसने फरक पडतोच, पण हब किती वर्षं चालेल ते त्याहून जास्त कोन (एक्सलवर फिरवून बसवायचा निमुळता नट, ज्यावर छर्रे फिरतात) किती घट्ट लावलाय यावर ठरतं. भारी ग्रीस भरून कोन आवळून ठेवला तर थोड्याच दिवसांत त्याला खड्डे पडायला लागतात. साधं एपी-३ ग्रीस भरून कोन बरोबर लावलेला हब मात्र वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. म्हणून हा धागा. मी सुट्या छऱ्यांच्या, कप (हबमधली छऱ्यांची वाटी) आणि कोन असलेल्या हबबद्दल लिहितो. कार्ट्रिज, म्हणजे अख्ख्या सीलबंद, बेअरिंगबद्दल जाणकारांनी भर घालावी.

उघडायची गरज आहे का, ते आधी बघा. चाक सायकललाच असताना रिम ब्रेकजवळ धरून डावी-उजवीकडे हलवा. टकटक लागली तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. पुढच्या चाकाला हँडलच्या बेअरिंगचा प्ले बरेचदा चाकाचाच वाटतो, तेव्हा फोर्क एका हाताने धरून ठेवून फक्त रिम हलवा. मग चाक काढा आणि एक्सल बोटांनी सावकाश फिरवा. वाळू घासल्यासारखं लागलं तर ग्रीस संपलंय किंवा त्यात माती गेलीये. ठरावीक अंतराने अडखळत असेल तर कोनाला खड्डे पडलेत. चाक जोरात गरकावून किती वेळ फिरतं ते मोजण्यात अर्थ नाही. कोरडा, ढिला हब नव्या ग्रीसवाल्यापेक्षा जास्त वेळ फिरतो. त्यापेक्षा चाक उचलून व्हॉल्व्ह बाजूला, घड्याळाच्या तीनच्या जागी आणून हळूच सोडा. जड बाजू आपोआप खाली यायला हवी आणि थोडं मागे-पुढे झुलून चाक थांबायला हवं. मध्येच अडकून राहिलं तर कोन घट्ट आहे.

सामान: पुढच्या हबला बहुतेक १३ चा कोन पाना, मागच्याला १५ चा, आणि लॉकनटला (कोन हलू नये म्हणून त्यावर आवळलेला नट) १७ चा साधा पाना. हब निराळा असेल तर १४ किंवा १६ लागू शकतो, म्हणून मोजून घ्या. कोन पाना साधारण २ मिलिमीटर जाडीचाच हवा. कोनावर पान्यासाठी ठेवलेली जागा तेवढीच अरुंद असते, साधा पाना तिथे शिरत नाही. कोन पाना मिळत नसेल तर स्वस्तातला पाना ग्राइंडरवर पातळ करून चालतो. तो कोन धरून ठेवण्यापुरताच वापरा, जोर १७ च्या पान्याने लावा. शिवाय घासलेट, जुनी सुती चिंधी, चिमटा, कड असलेलं ताट आणि नवे छर्रे.

छऱ्यांची मापं इंचात असतात. पुढे ३/१६ इंची, दर बाजूला १०. मागे १/४ इंची, दर बाजूला ९. बहुतेक हबना हेच लागू पडतं, तरी काढताना दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा. मागच्या माणसाने एखादा कमी टाकलेला असू शकतो. खात्री करायची तर छर्रे कपात गोल मांडून बघा. शेवटी एका छऱ्यापेक्षा थोडी कमी फट उरली की संख्या बरोबर. आणखी एक दाबून बसवला तर सगळे एकमेकांवर घासतात.

उघडायचं नेहमी डाव्या बाजूने, म्हणजे चेन नसलेल्या. उजवा कोन आणि लॉकनट एकमेकांवर आवळलेले तसेच राहू द्या. त्यांच्यावर एक्सल किती बाहेर राहतो ते ठरलेलं असतं. ते हललं तर चाक फ्रेममध्ये एका बाजूला सरकतं आणि गिअरची सेटिंगही बिघडते. डाव्या कोनावर कोन पाना धरून लॉकनट सोडा, वॉशर काढा, कोन हाताने फिरवून काढा. निघालेलं सामान त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवलं की जोडताना शोधाशोध नाही. चाक ताटावर धरून एक्सल उजवीकडून ओढा. काही छर्रे गळून पडतील, बाकीचे चिमट्याने काढा. लोहचुंबकाने गोळा केले तर ते पुन्हा वापरू नका. चुंबकत्व आलेला छर्रा लोखंडाचा कीस स्वतःकडे ओढून घेतो.

डस्ट कॅप शक्यतो काढू नका. पातळ पत्र्याची असते, स्क्रूड्रायव्हरने उचकटताना कड वाकली की परत सरळ बसत नाही आणि कोनाला घासत राहते. ती जागेवर ठेवूनही चिंधी बोटाला गुंडाळून आतला कप पुसता येतो.

सगळं घासलेटने धुऊन, पुसून पूर्ण कोरडं करा. घासलेट आत राहिलं तर नवं ग्रीस पातळ होतं. मग कोन उजेडात धरा. छऱ्यांच्या वाटेवर एकसारखी, चकचकीत, अरुंद रेघ दिसली तर कोन ठणठणीत आहे. बॉलपेनचं टोक त्या रेघेवरून फिरवा, डोळ्यांना न दिसणारा खड्डाही टोकाला लागतो. खड्डा असेल तर कोन बदला, पॉलिश करून काही होत नाही. कोनाचं कडक केलेलं आवरण पातळ असतं, ते फुटलं की खालचा मऊ भाग झपाट्याने झिजतो.

खड्डे कपाआधी कोनालाच का पडतात? कप चाकाबरोबर फिरतो, त्यामुळे झीज त्याच्या पूर्ण घेरावर वाटली जाते. कोन जागेवर असतो आणि भार सतत त्याच्या एकाच बाजूवर येतो.

छर्रे दर वेळी नवे टाका, सगळ्या हबमध्ये सगळ्यात स्वस्त वस्तू तीच आहे. दोन्ही बाजूंचे एकाच पाकिटातले घ्या. दुकानात कधीकधी ३/१६ ऐवजी ५ मिलिमीटरचे हातात पडतात. ३/१६ म्हणजे ४.७६ मिलिमीटर. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्यांना कळत नाही, पण बेअरिंगच्या हिशेबात तो फार मोठा आहे, म्हणून कॅलिपर लावून बघा.

जोडताना कपात ग्रीसचा जाड थर द्या, छर्रे त्यात चिमट्याने बसवा, वरून पुन्हा ग्रीस. दोन्ही बाजू मिळून एका हबला जेमतेम चहाचा एक चमचा लागतं. एक्सल उजवीकडूनच घाला. हब हलवून कानाशी धरा. मधल्या नळीत खुळखुळ आली तर एखादा छर्रा आत घसरलाय, पुन्हा काढून मोजा. मग डावा कोन हाताने लावा. कोन किती घट्ट ठेवायचा ते पुढच्या प्रतिसादात सविस्तर लिहितो, कारण सगळी मेख तिथे आहे.

सह्यवाट

चांगलं मांडलंय. मागच्या चाकाबद्दल थोडी भर.

उजव्या कपापर्यंत पोचायला फ्रीव्हील किंवा कॅसेट (चेन चढते ती मागची दातेरी चक्रं) काढावी लागते. फ्रीव्हील न काढता भोकातून चिमटा घालून छर्रे निघतात, पण कप नीट पुसला जात नाही आणि डोळ्यांनी तपासता तर अजिबात येत नाही. फ्रीव्हील रिमूव्हर बसवल्यावर एक्सलचा नट किंवा क्विक रिलीज (पोकळ एक्सलमधून जाणारी, लिव्हरने आवळायची दांडी) त्यावर हलकेच आवळा, म्हणजे रिमूव्हर निसटून खाचा खराब होणार नाहीत. शक्य असेल तर रिमूव्हर व्हाइसमध्ये पकडा आणि चाकच घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. फ्रीव्हील थोडं सुटलं की लगेच नट ढिला करा, नाहीतर तोच अडसर होतो. परत लावताना हबच्या आट्यांना ग्रीस लावा. पॅडल मारता मारता फ्रीव्हील स्वतःच घट्ट होत जातं, कोरडं लावलं तर पुढच्या वेळी निघणार नाही.

फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवा एक्सल वाकण्याचं प्रमाण जास्त. कारण सरळ आहे. फ्रीव्हीलला जागा द्यायला उजवं बेअरिंग बरंच आत असतं आणि एक्सलचा मोठा तुकडा आधाराशिवाय बाहेर राहतो. शिमानोने १९७८ मध्ये फ्रीहब (फ्रीव्हीलची यंत्रणा हबमध्येच असलेला) आणला, त्यात उजवं बेअरिंग बाहेरच्या टोकाकडे गेलं आणि हा त्रास पुष्कळ कमी झाला. तेव्हा फ्रीव्हीलवाला हब उघडलाच आहे तर एक्सल काचेवर गडगडवून बघा. मध्ये फट उघडझाप करताना दिसली तर एक्सल वाकलाय, तो बदला. ठोकून सरळ करू नका. नवा एक्सलही लवकर वाकला तर दोष फ्रेमच्या ड्रॉपआउटमध्ये (एक्सल बसतो त्या खाचांमध्ये) आहे, दोन्ही बाजू समांतर नाहीत.

फ्रीहबच्या आतल्या खिट्ट्यांना जाड ग्रीस भरू नका. त्या चिकटल्या की पॅडल मारताना मध्येच पकड सुटते. तिथे पातळ तेलच हवं.

लोखंडी_घोडा

इथले बरेच जण गिअरच्या सायकलींबद्दल बोलत आहेत. साध्या काळ्या सायकलीसाठी, म्हणजे हिरो, ॲटलास, एव्हॉन छापाच्या रोडस्टरसाठी, एक इशारा. तिचे आटे ब्रिटिश मापाचे असतात. पुढचा एक्सल ५/१६ इंची, मागचा ३/८ इंची, दोन्हीला इंचाला २६ आटे. नव्या सायकलींचा पुढचा ९ मिलिमीटर, मागचा १० मिलिमीटर आणि आटा १ मिलिमीटरचा. इंचाला २६ म्हणजे ०.९७७ मिलिमीटर, त्यामुळे दोन्ही आटे डोळ्यांना सारखेच दिसतात. घोळ मागच्या चाकात होतो. १० मिलिमीटरचा नट ३/८ च्या (९.५ मिलिमीटर) एक्सलवर सहज चढतो, थोडा ढिला वाटतो इतकंच. आवळला की आटे जातात. नट किंवा कोन आणायला जाताना जुना एक्सल बरोबर न्या आणि दुकानातच फिरवून बघा.

कोनाचंही तसंच. आटा जुळला म्हणजे कोन जुळला असं नाही. छऱ्यांच्या वाटेचा गोलावा आणि कोनाची लांबी हबप्रमाणे बदलते. जुना कोन नव्याशेजारी धरून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

नवशिका_स्वार

कोन हाताने छान बसतो, प्ले नाही, घट्टही नाही. पण लॉकनट आवळला की दर वेळी एक्सल जड होतो. नेमकं काय चुकतं?

चाकधर

याचंच उत्तर लिहायचं होतं.

आट्यांमध्ये थोडी मोकळी जागा असते. लॉकनट नसताना छर्रे कोनाला बाहेर ढकलतात आणि कोन आट्याच्या बाहेरच्या कडेला टेकून बसतो. लॉकनट आवळला की तो कोनाला आत दाबतो, आणि आट्यातली जागा संपेपर्यंत कोन आत सरकतो. म्हणजे लॉकनट लागल्यावर हब आधीपेक्षा घट्ट होणारच. त्यासाठी सुरुवात थोड्या प्लेपासून करायची. कोन प्ले जाईपर्यंत हाताने फिरवा, मग आठवा हिस्सा फेरा मागे घ्या. आटा १ मिलिमीटरचा असल्याने आठवा हिस्सा म्हणजे ०.१२५ मिलिमीटर. कोनाला कोन पान्याने जागेवर धरा आणि लॉकनट नीट आवळा. पुन्हा तपासा. पहिल्या फटक्यात क्वचितच जमतं. तीन-चार वेळा करावं लागलं तर काहीही बिघडलेलं नाही.

आवळल्यावर किंचित घट्ट वाटला तर लॉकनट सोडू नका. दोन्ही बाजूंच्या कोनांवर एक-एक कोन पाना लावा आणि दोन्ही कोन बाहेरच्या दिशेने, सुटतील असे, फिरवायला जोर द्या. कोन लॉकनटवर जाऊन दाबले जातात, तेवढ्यात अगदी थोडी जागा मिळते आणि लॉकही पक्का होतो. उलट थोडा प्ले उरला तर दोन्ही लॉकनटांवर पाने लावून दोन्ही एकाच वेळी आवळा. या दोन युक्त्यांनी आठव्या हिस्स्याहून बारीक फरकही साधता येतो.

आता क्विक रिलीज. त्याचा पोकळ एक्सल लिव्हर बंद केल्यावर किंचित दबून आखूड होतो आणि दोन्ही कोन जवळ येतात. म्हणून अशा हबमध्ये चाक हातात असताना अगदी थोडा, जेमतेम जाणवणारा प्ले मुद्दाम ठेवायचा. चाक फ्रेममध्ये बसवून लिव्हर बंद केल्यावर तो गेला पाहिजे. हातात असताना अगदी बरोबर लावलेला क्विक रिलीजचा हब सायकलवर घट्ट चालतो, आणि खड्डे पडलेले कितीतरी कोन याच एका कारणाने जातात. दर वेळी चाक बसवून बघायचं नसेल तर पुढचं चाक फोर्कच्या बाहेरून एकाच ड्रॉपआउटला पकडा, लॉकनट लावायची बाजू बाहेर ठेवा आणि त्या बाजूला मोठा नट किंवा वॉशर घालून लिव्हर बंद करा. मग दाबलेल्या स्थितीतच कोन लावता येतो.

नटवाल्या भरीव एक्सलला हे लागू नाही. तो लिव्हरच्या जोराने दबत नाही. तिथे लॉकनट आवळल्यावर प्ले शून्य हवा.

दोन्ही चुका सारख्या वाईट नाहीत हेही सांगतो. थोडा ढिला हब टकटक करतो, म्हणून लगेच पकडला जातो. घट्ट हब आवाज करत नाही, गुपचूप खराब होतो.

ओलीमाती

कोकणातल्या सायकलींसाठी वर्षाला एकदाचं वेळापत्रक पुरत नाही. पावसाळ्याआधी एकदा आणि पाऊस थांबल्यावर एकदा, असं दोनदा उघडावं लागतं. समुद्राजवळ खारी हवा असते, तिथे पाऊस नसतानाही लॉकनट आणि एक्सलच्या उघड्या आट्यांवर गंज धरतो. एक्सलच्या टोकांना आणि कोन-लॉकनटच्या सांध्यावर बाहेरूनही ग्रीसचा पातळ हात फिरवून ठेवा.

जुनं ग्रीस पुसून टाकण्याआधी नीट बघा, हबच्या आत काय चाललंय ते त्यावरून कळतं. दूध घातलेल्या चहासारखा रंग असेल तर पाणी गेलंय. लालसर म्हणजे गंज. नुसतं काळं असेल तर जुनं झालंय, घाबरायचं काही नाही. उजेडात चमचमणारे कण दिसले तर कोन किंवा कप झिजून धातू निघतोय, तिथे ग्रीस बदलून भागणार नाही. मेणासारखं सुकून घट्ट बसलं असेल तर तेल निघून गेलंय आणि नुसता साबण उरलाय.

सगळ्यात जास्त नुकसान कशाने होत असेल तर गाड्या धुतात त्या ठिकाणच्या जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने. हबच्या बाजूने मारलेलं पाणी सीलखालून थेट आत जातं. बादली आणि फडकं पुरेसं आहे. दुसरं म्हणजे उन्हात तापलेली सायकल ओढ्यात घालू नका. गरम हब एकदम गार झाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं. हब पाण्याखाली गेलाच असेल तर घरी आल्यावर वाट बघू नका, त्याच आठवड्यात उघडा.

इथे कुठलं ग्रीस चांगलं? लिथियम की कॅल्शियम?

वंगणविचार

ग्रीस म्हणजे तेल धरून ठेवणारा साबण, वंगणाचं खरं काम त्यातलं तेल करतं. साबण कुठला आहे यावर पाण्यात ते किती टिकेल ते ठरतं. बाजारात मिळणारं एपी-३ बहुधा लिथियमचं असतं. पुणे, नाशिक, नागपूरसारख्या कोरड्या भागात ते पूर्ण पुरेसं आहे. मुसळधार पावसात आणि समुद्राकाठी कॅल्शियम सल्फोनेटचं, होड्यांच्या कामासाठी विकतात ते, जास्त बरं. पाण्याने धुऊन जायला ते सहज तयार नसतं आणि गंजालाही चांगलं आवरतं.

डब्यावर एनएलजीआयचा, म्हणजे ग्रीसच्या घट्टपणाचा, आकडा बघा. २ किंवा ३ काहीही चालतं. एपी-३ मधला ३ म्हणजे थोडं घट्ट, सुट्या छऱ्यांना ते वाईट नाही. १ किंवा त्याहून पातळ घेऊ नका, उन्हाळ्यात हबमधून पाझरेल.

जुन्या ग्रीसवर निराळ्या जातीचं नवं भरू नका. पॉलियुरिया आणि लिथियम एकत्र आले की बरेचदा दोन्ही पातळ होऊन वाहतात. कार्ट्रिजमध्ये कारखान्यातून पॉलियुरिया भरलेलं असू शकतं, म्हणून तिथे आधीचं पूर्ण धुऊन काढणं फार महत्त्वाचं.

डब्ल्यूडी-४० सारखे स्प्रे हबमध्ये मारू नका. ते गंजलेला नट सोडवायला चांगले, पण बेअरिंगमध्ये गेले की ग्रीस विरघळवून बाहेर काढतात आणि मागे टिकणारं काहीच ठेवत नाहीत. ब्रेक, गिअर, चेनवर मारतानाही उडणारा भाग हबवर जाणार नाही असं बघा.

पेट्रोलने धुऊ नका. वाफ खोलीभर पसरते आणि एक ठिणगी पुरते. घासलेट किंवा डिझेल, तेही उघड्यावर. काम झाल्यावर ते गटारात ओतायचं नाही. बाटलीत ठेवा, गाळ खाली बसला की वरचं पुढच्या वेळी वापरता येतं.

लोखंडी_घोडा

जुन्या रोडस्टरच्या काही हबना मधोमध एक बारीक भोक असतं आणि त्यावर सरकणारी स्प्रिंगची पट्टी. ते तेलासाठी आहे. अशा हबला आठवड्या-पंधरवड्याला दोन-चार थेंब तेल घालायची पद्धत होती. तेल कपातून पाझरत बाहेर येतं आणि येताना माती घेऊन येतं. पद्धत चांगलीच आहे, फक्त नियमित घालायला हवं. पण ग्रीस भरलेल्या हबमध्ये वरून तेल ओतलं तर ग्रीस पातळ होऊन वाहून जातं आणि पुढे तेल घालायचंही राहून गेलं की दोन्ही नाही. एकच काहीतरी ठरवा. ग्रीस भरणार असाल तर ती पट्टी भोकावर बसलेली आहे ना ते बघा, नसेल तर भोकातून पाणी सरळ आत जाईल. पट्टी हरवली असेल तर ट्यूबचा पट्टा आवळून बांधला तरी काम भागतं.

सीलबंद

कार्ट्रिज बेअरिंगबद्दल मी लिहितो.

सीलवर नंबर छापलेला असतो. तो पाहिल्याशिवाय दुकानात जाऊ नका आणि बाहेरचा व्यास मोजून अंदाजाने घेऊ नका. ६००१ चं माप १२×२८×८ आणि ६९०२ चं १५×२८×७. बाहेरून दोन्ही २८, पण आतलं भोक आणि जाडी निराळी. तसंच ६०८ (८×२२×७) आणि ६९०० (१०×२२×६). मोटारी-पंपांच्या बेअरिंगच्या दुकानात ६०८, ६०००, ६००१ सहज मिळतात. ६९ ने सुरू होणारी पातळ बेअरिंग बहुधा मागवावी लागतात, म्हणून हब उघडण्याआधी मागवा. नंबरापुढे २आरएस हवं, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. झेडझेड म्हणजे पत्र्याची झाकणं. ती धूळ अडवतात, पाणी नाही.

कार्ट्रिज ठोकून बाहेर काढलं की ते गेलं असं समजा. ते आतून बाहेर ढकलताना जोर आतल्या रिंगवर येतो आणि तो छऱ्यांमधून बाहेरच्या रिंगवर जातो, रिंगांवर बारीक खळगे पडतात. म्हणून नुसतं साफ करायचं तर जागेवरच करा. सुईने किंवा पातळ पात्याने सील आतल्या रिंगच्या कडेकडून अलगद उचला. बाहेरच्या कडेने उचकटलं तर कड वाकते आणि सील पुन्हा घट्ट बसत नाही. सिरिंजने घासलेट मारून आतलं ग्रीस धुवा, फिरवून वाळवा, नवं ग्रीस भरा, सील अंगठ्याने दाबून बसवा. धुतल्यावर हाताला खरखर लागत असेल तर ग्रीसने ती जाणार नाही. नवं टाका.

नवं बसवताना दाब फक्त बाहेरच्या रिंगवर पडू द्या. थ्रेडेड रॉड, दोन नट आणि बेअरिंगच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित लहान सॉकेट, एवढ्यात घरी प्रेस तयार होतो. पहिलं बेअरिंग हबच्या कडेला टेकेपर्यंत दाबा. दुसरं मात्र मधल्या नळीला जेमतेम टेकलं की थांबा. आणखी दाबलं तर दोन्ही बेअरिंगवर आडवा ताण बसून राहतो, एक्सल जड फिरतो, आणि नवी बेअरिंग लवकर जातात.

ग्रीस किती? बेअरिंगच्या पोकळीचा एक तृतीयांश, असा सर्वसाधारण नियम आहे.

वंगणविचार

तो नियम विजेच्या मोटारींचा आहे, जिथे बेअरिंग मिनिटाला हजार-दीड हजार फेरे किंवा त्याहून जास्त घेतं. तिथे जादा ग्रीस घुसळलं जाऊन तापतं. सायकलचा हिशेब करून बघा. ७०० सी चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. ताशी २५ किलोमीटर म्हणजे मिनिटाला ४१७ मीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे २०० फेरे. एवढ्या वेगात ग्रीस तापायचा प्रश्नच नाही. उलट पोकळी भरलेली असली की पाण्याला शिरायला जागा उरत नाही. पावसात चालवायची सायकल असेल तर कार्ट्रिजमध्येही अर्ध्याहून जास्त भरा. सुरुवातीला थोडं बाहेर येईल, ते पुसून टाका.

सीलबंद

वेगाचा हिशेब मान्य. पण काठोकाठ भरू नये असं मी म्हणेन. सील दाबून बसवताना आतल्या ग्रीसला जागा नसेल तर सीलची कड उचलली जाते आणि तिथूनच पाणी शिरतं. दोन तृतीयांशावर थांबावं.

वंगणविचार

हे बरोबर. सुट्या छऱ्यांच्या हबमध्ये हा अडसर नाही, तिथे कप भरून टाका.

सह्यवाट

डिस्क ब्रेकवाल्यांनी हबचं काम सुरू करण्याआधी रोटर (ब्रेकची चकती) काढून ठेवावा. सहा बोल्टचा असेल तर टी-२५ चावी लागते. ग्रीसचं बोट रोटरला लागलं आणि ते पॅडमध्ये मुरलं की ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून निघतो, पॅड बहुतेक वेळा बदलावेच लागतात.

डायनॅमो हब मात्र घरी उघडू नका. आत गुंडाळी असते आणि तिची तार एक्सलजवळून बाहेर येते. चुकीच्या बाजूने कोन सोडून एक्सल ओढला तर तार तुटते.

नवशिका_स्वार

एक शेवटचं. कोन आणि छर्रे बदलले, पण कपालाच खड्डे असतील तर? पुढचा हब आहे, कप हबमध्ये पक्का बसवलेला आहे.

चाकधर

खड्डा एखाददुसरा आणि उथळ असेल तर नवे छर्रे, नवा कोन आणि भरपूर ग्रीस घालून चालवा. थोडी खरखर राहील, पण रोजच्या वापराला चाक दीर्घकाळ साथ देतं. अशा हबला कोन बरोबर लावणं थोडं कठीण जातं, कारण एका जागी मोकळा वाटतो आणि अर्धा फेरा फिरवला की अडतो. सगळ्यात घट्ट जागा शोधा आणि तिथे एक्सल अडणार नाही इतपत कोन ठेवा. बाकी ठिकाणी किंचित प्ले राहिला तर राहू द्या.

कपाची वाट सगळीकडे सोललेली दिसत असेल तर हब बदलणं हाच मार्ग. जुन्या काही लोखंडी हबचे कप ठोकून निघायचे आणि नवे बसवता यायचे, हल्लीच्या ॲल्युमिनियमच्या हबमध्ये ते सहसा होत नाही. नवा हब घेताना आऱ्यांच्या भोकांची संख्या आधी मोजा. जुन्या रोडस्टरला पुढे ३२ आणि मागे ४० असतात, गिअरच्या सायकलींना बरेचदा दोन्हीकडे ३२ किंवा ३६. मग फ्लँजचा (आऱ्यांची भोकं असलेल्या कडेचा) व्यास, म्हणजे समोरासमोरच्या भोकांमधलं अंतर, आणि दोन्ही फ्लँजमधलं अंतर कॅलिपरने मोजा. ही मापं जुन्या हबशी एक-दोन मिलिमीटरच्या आत जुळली तर जुनीच रिम आणि जुनेच आरे वापरून चाक पुन्हा विणता येतं. एक्सलच्या लॉकनटांमधलं बाहेरचं अंतरही जुळायला हवं. क्विक रिलीजच्या पुढच्या हबला ते १०० मिलिमीटर असतं. मागे जुन्या रोड सायकलींना १२६, रिम ब्रेकच्या नव्यांना १३०, माउंटन आणि हायब्रीड प्रकाराला १३५. क्विक रिलीजचा एक्सल या अंतरापेक्षा ११ मिलिमीटर लांब असतो, दर बाजूला साडेपाच. त्याहून जास्त बाहेर आला तर तो ड्रॉपआउटच्या पुढे जातो आणि लिव्हर आवळली तरी चाक पकडलं जात नाही, म्हणून चाक विणायला देण्याआधी नवा हब फ्रेममध्ये नुसता बसवून बघा.